हुस्नाखाला आणि एक्केचाळीस नळ्या

मंगरूळपीरच्या दर्ग्याकडच्या गल्ल्यांत तिशीच्या आतला असा माणूस सापडणं अवघड, जो कधी ना कधी हुस्नाबानोच्या लांब केलेल्या पायांवर उपडा पडून रडला नाही. बाळंतिणीचं अंग चोळायचं, बाळाला तेल लावायचं, नडग्यांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायचं, मग ओवा-बाळंतशोपाची धुरी द्यायची, हे काम ती तेहेतीस वर्षं करत होती. तिची आई केनवडला सुईण होती. आईनं तिला बाळाचं डोकं कसं तोलायचं ते शिकवलं आणि लग्नात घुटी उगाळायची सहाण दिली. मंगरूळपीरला आल्यावर सुईणपण मागं पडलं, कारण बायका दवाखान्यात बाळंत व्हायला लागल्या. पण मालिश राहिली. नवरा उस्मान गाद्या-रजया भरायचं दुकान चालवायचा, मुलगा इमाद त्याच्या हाताखाली. गावात तिला सगळे हुस्नाखाला म्हणत, हिंदूंची आणि जैनांची लेकरंसुद्धा.

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका सकाळी जिनल तिच्या दारात आली. जिनल म्हणजे बाजारातल्या हुकूमचंद कापडवाल्यांची मुलगी. अकोल्याच्या कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली होती आणि आता त्यातच पीएचडी करत होती. सव्वीस वर्षांपूर्वी तिलाही हुस्नाखालानंच न्हाऊ घातलं होतं, आणि तिची आजी हीराबाई हिचे गुडघे चोळायला खाला अजूनही दर मंगळवारी त्यांच्या घरी जायची. म्हणून पोरगी सरळ चुलीपाशी येऊन बसली, हातातली निळी बर्फाची पेटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "खाला, मले नव्या जन्मलेल्या बाळायची शी पायजे."

बाहेर गादीचा कापूस उन्हात पसरत असलेल्या उस्मानचा हात थांबला. हुस्नाखालानं मात्र पोळी उलटली आणि विचारलं, "कोनती? काळी का पिवळी?"

जिनल बघतच राहिली. तिला वाटलं होतं, आधी तासभर समजावून सांगावं लागेल. खालाचं म्हणणं सरळ होतं. पहिले दोन दिवस बाळाची शी डांबरासारखी काळी आणि चिकट असते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट होते, मग मोहरीसारखी पिवळी. नुसतं आईचं दूध पिणाऱ्या बाळाची शी पातळ असते आणि तिला ताज्या ताकासारखा आंबूस वास येतो; वरचं दूध पडलं की ती घट्ट होते आणि वास बदलतो. जिनलनं बॅगेतून वही काढली आणि हे सगळं लिहून घेतलं.

मग तिनं आपलं काम सांगितलं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या आतड्यात जवळजवळ काहीच नसतं. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत आईच्या अंगावरून, आईच्या दुधातून बारीक बारीक जीव तिथं जाऊन वस्ती करतात. त्यातले काही फार कामाचे असतात. ते दूध पचवायला मदत करतात, वाईट जंतूंना जागा मिळू देत नाहीत. असे कामाचे जीव आपल्या भागातल्या बाळांच्या पोटातून शोधायचे, वेगळे वाढवायचे, ते कोण ते ओळखायचे, आणि पुढे कधी कोणाला औषधासारखे देता येतील इतके ते तगडे आहेत का ते तपासायचं. कॉलेजच्या समितीची परवानगी होती, दवाखान्याला पत्र दिलेलं होतं, आईची सही घ्यायची होती. पण आतापर्यंत सात घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. एका सासूनं तर तिच्या देखतच बाळाची नजर काढली होती.

"म्हंजे दह्याले विरजन लागते तसं," खाला म्हणाली. "लेकराच्या पोटाचं विरजन."

"तसंच समजा."

"मंग तू जंतू जंतू काहून करून राह्यली त्यायच्यापाशी? भेत नाई का बाया?"

उस्माननं आत येऊन एवढंच म्हटलं की तेहेतीस वर्षं हिनं पोरांची शी धुतली, आता डब्यात भरून अकोल्याला पाठवणार. पण तो हसत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यानंच बर्फाच्या पेटीला उन्हाचा त्रास नको म्हणून कापसाचं जाड आवरण शिवून दिलं.

एप्रिलपासून दोघींची फेरी सुरू झाली. हुस्नाखाला नेहमीसारखी मालिशीला जायची. बाळाचं न्हाणं झालं, धुरी झाली, बाळ निजलं, बाळंतीण शेकून निवांत बसली की मग ती विषय काढायची. जिनल दाराशी थांबायची. आतून बोलावणं आलं की जाऊन कागद वाचून दाखवायची आणि सही किंवा अंगठा घ्यायची. शी मात्र वेळेवर यायची नाही. कधी दोघी दीड दीड तास बाळाच्या लंगोटाकडे बघत बसायच्या, चहा व्हायचा, बाळंतिणीच्या माहेरच्या गोष्टी व्हायच्या. एकदाची झाली की जिनल निर्जंतुक चमच्यानं हरभऱ्याएवढी शी नळीत घ्यायची, झाकण घट्ट लावायची, नंबर डकवायची आणि नळी बर्फात ठेवायची. मग धावत बसस्टँडवर. महान-बार्शीटाकळीवरून अकोल्याला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरांना ती पेटी पाठ झाली होती. आत काय आहे ते एकाला कळल्यावर त्यानं तिला पुढची सीट सोडून शेवटची दाखवली, एवढंच.

खालाला अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. कोणता नंबर कोणाच्या बाळाचा हे तिला तोंडपाठ होतं. जिनल म्हणायची की नावं विसरा, नावं गुप्त ठेवायची असतात. खाला म्हणायची, "कोनाले सांगनार नाई. पन इसरू कशी?"

प्रत्येक घरात जिनल एक प्रश्न विचारायची. आईच्या दुधाशिवाय बाळाला काही दिलं का? मध, घुटी, साखरेचं पाणी, गाईचं दूध? आणि प्रत्येक आई मान हलवून सांगायची, नाही, काहीच नाही. दवाखान्यातली नर्स बाई या बाबतीत कडक होती. सहा महिने आईचंच दूध, आणि मध तर वर्षभर बाळाला द्यायचा नाही, हे ती प्रत्येकीला बजावून सांगायची. तेव्हा कागदावर नाहीच लिहिलं जायचं. हुस्नाखाला शेजारी बसून बाळाची टाळू बघत राहायची.

जूनच्या मध्यापर्यंत बत्तीस नळ्या झाल्या. मग जिनल यायची बंद झाली.

मंगळवारी खाला हीराबाईचे गुडघे चोळायला गेली तेव्हा कळलं, की पोरगी अकोल्यालाच राहते, फोनवर धड बोलत नाही. हीराबाईला वेगळीच चिंता होती. नात एवढे बारीक जीव वाढवते, मग काम झाल्यावर ते मारते, हे पाप कोणाच्या माथी? जिनलनं आजीला सांगितलं होतं की मी हजार मारते तेव्हा लाख जगवते. हीराबाईला तो हिशेब पटला नव्हता, पण नातीनं जेवण सोडल्याचं ऐकल्यापासून ती पापाचं विसरली होती. "हुस्ना," ती म्हणाली, "त्या पोरीच्या जीव वाढवायच्या ताटल्यांमध्ये काही भलतंच उगवून राह्यलं. आठ नळ्या बिघडल्या म्हणते. तिले वाटते तिच्याच हातानं घाण गेली. तिचे सर बी तेच म्हणतात. सगळं पुन्हा पहिल्यापासून करून राह्यली."

"कोनत्या आठ?"

हीराबाईला ते कसं ठाऊक असणार. पण खालाचा तेलाचा हात गुडघ्यावर थांबला तो थांबलाच.

घरी येताना ती बाजारातून न येता लांबच्या रस्त्यानं आली. तिला ठाऊक होतं. बत्तीसपैकी सात बाळांना तिनं स्वतःच्या बोटानं घुटी चाटवली होती. हळकुंड, हिरडा, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, आईच्या त्याच सहाणेवर दोन-दोन वळसे उगाळून, वर मधाचा थेंब. सासवा मागायच्या आणि ती द्यायची. तेहेतीस वर्षं देत आली होती, तिच्या आईनंही दिली होती. त्यात चोरी अशी तिला वाटलीच नव्हती. फक्त नर्स बाईसमोर बोलायचं नाही, एवढं ठरलेलं होतं. आणि जिनल कागदावर "काही दिलं नाही" लिहायची तेव्हा, ज्या बोटानं घुटी दिली तेच बोट ती बाळाच्या मुठीत देऊन गप्प बसलेली असायची.

सांगितलं तर नर्स बाईपर्यंत जाईल. दवाखान्याच्या वॉर्डात पाय ठेवू देणार नाहीत. घरंही तुटतील, कारण सासवा म्हणतील हिनं आमचं उघड केलं. आणि जिनल काय म्हणेल, ते तर तिला मनात आणवत नव्हतं. संध्याकाळी तिनं उस्मानला सांगितलं. तो सुई-दोरा घेऊन रजईला टाके घालत होता. त्यानं टाका पुरा केला आणि म्हणाला, "सकाळची पहिली बस साडेसहाले हाये."

अकोल्याचं ते कॉलेज शोधायला तिला दोन रिक्षा कराव्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावर पांढऱ्या कोटातली जिनल एका काचेच्या कपाटासमोर बसली होती, डोळे सुजलेले. टेबलावर बशीएवढ्या चपट्या काचेच्या ताटल्या मांडल्या होत्या. काहींत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके होते, आणि काहींत सुरकुतलेले, पसरलेले, राखी रंगाचे डाग. खालाला बघून ती उठली. तिला वाटलं घरी काही झालं.

"बस," खाला म्हणाली. "चार, सात, अकरा, बारा, एकोनीस, चोवीस, एकोनतीस. ह्याच हायेत का बिघडलेल्या?"

जिनलनं ताटल्यांकडे पाहिलं. सातही त्यात होत्या. आठवी होती सव्वीस.

"सव्वीसचं मले ठाऊक नाई. ह्या सातायले मीनं घुटी देल्ली बेटा. माह्या हातानं. तू लिहून राह्यली होती तवा मी बाजूलेच बसली होती."

जिनल खिडकीपाशी गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली. खालाला वाटलं, आता ही जा म्हणेल. पिशवी उचलून ती उठणार, तेवढ्यात जिनल वळली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. "पंधरा दिवस, खाला. पंधरा दिवस मी माहे हात घासून राह्यली. कातडी निघाली." मग तिनं खुर्ची ओढली, वही उघडली आणि कोरड्या आवाजात विचारलं, घुटीत काय काय होतं, किती, कोणत्या दिवशी.

खालानं सगळं सांगितलं. वेखंडाचं नाव आलं तेव्हा जिनलची पेन्सिल थांबली. मुळ्या जमिनीतल्या, मातीतल्या. मातीत राहणारे जीवही त्याच्यासोबत येणार. तिनं एका राखी डागातला कण काचेच्या पट्टीवर घेतला आणि त्यावर जखम धुवायच्या पाण्याचा थेंब टाकला. सोड्यासारखा फेस आला. मग पांढऱ्या ठिपक्यातला कण घेतला, थेंब टाकला. काही झालं नाही.

"जो फेसाळत नाई, त्याले मी शोधून राह्यली," ती म्हणाली. "आन् हे फेसवाले माह्या हातातले नाई. हे तुमच्या सहाणेवरचे."

दुपारी तिनं खालाला कँटीनमध्ये नेऊन पोटभर जेवू घातलं आणि स्वतःही जेवली. पण पुढचे दोन मंगळवार ती खालाशी कामापुरतंच बोलली, आणि खालानं ते सोसलं.

जिनलचे मार्गदर्शक अमरदीप सर शांत गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, की एका बाईच्या आठवणीवर कागद बदलता येत नाहीत. बत्तीसही आयांना पुन्हा विचारा. या वेळी खोटं बोलायची गरज पडू नये, असं विचारा.

मग जुलैत दुसरी फेरी. या वेळी खाला शेजारी गप्प बसलेली नाही, पुढे होती. प्रत्येक घरी ती पहिलं वाक्य हेच बोलायची, की घुटी मीनं देल्ली होती आणि मीच लपवलं होतं. आता तुमी बी जे असन ते सांगा, कोनी रागावनार नाई. बायका आधी एकमेकींकडे बघायच्या. मग एकीला हसू फुटायचं आणि गोष्टी बाहेर यायच्या. सव्वीस नंबरला आजोबांनी रोज संध्याकाळी चहाचं बोट चाटवलं होतं, कारण बाळ आपल्याकडे बघून ओठ हलवतं असं त्यांना वाटायचं. एका मावशीनं साखरेचं पाणी दिलं होतं. एका ठिकाणी आई आणि सासू दोघींनी एकमेकींपासून लपवून मध दिला होता, आणि ते दोघींना त्याच दिवशी कळलं. तिथं जिनलला अर्धा तास मध्यस्थी करावी लागली.

एक बाई, देवला, बाळंतपणानंतर सासरी केनवडला गेली होती. तिच्यासाठी दोघी रिसोडची बस धरून केनवडला गेल्या. हुस्नाखालाचं तर ते माहेर. बाजाराच्या दिवशी उतरल्यामुळे शंभर पावलं चालायला तासभर लागला. जो तो थांबवून विचारायचा, हुस्ना तू केव्हा आली. देवलानं ठाम सांगितलं, की तिनं काहीच दिलं नाही, आणि त्याचं कारणही सांगितलं. घुटी उगाळणारी माहेरची आजी त्या महिन्यात लेकीकडे गेली होती, आणि तिला स्वतःला उगाळायचा कंटाळा होता. इतकं खरं उत्तर जिनलला साऱ्या फेरीत मिळालं नव्हतं. परत येताना बसमध्ये ती आठवून आठवून हसली, आणि दोघींमधलं ते कामापुरतं बोलणं त्या दिवशी संपलं.

एकूण तेरा नळ्या बाजूला पडल्या. एकोणीस उरल्या.

नर्स बाईला खालानं स्वतःच जाऊन सांगितलं. नर्स बाई खूप बोलली. खालानं मान खाली घालून ऐकलं. शेवटी नर्स बाई थकली आणि म्हणाली, "आता वॉर्डात येऊन हेच सगळ्यायले सांगा. माह्यं तं कोनी ऐकत नाई."

ऑगस्टमध्ये खालाची सून उमेरा दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली, तिचं नाव इकरा ठेवलं. उस्माननं कानात अजान दिली, दुआ मागितली आणि मग सवयीनं पिशवीतून मधाची बाटली काढली. घराण्यात प्रत्येकाला पहिलं बोट घरच्या वडीलधाऱ्यानं चाटवलेलं. इमादला उस्मानच्या वडिलांनी. खालानं बाटली घेऊन परत पिशवीत ठेवली आणि सांगितलं, की दुआ पुरे, बोट नको. उस्मान वाईट वाटून वॉर्डाबाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

पहिल्या दिवशी दूध उतरलं नाही. इकरा ओढून ओढून थकायची आणि रडायची. उमेराची आई म्हणाली, निदान दोन थेंब घुटी द्या, लेकराचा गळा सुकला. सगळे खालाकडे बघत होते. तेहेतीस वर्षांत अशा वेळी तिचा हात आपोआप सहाणेकडे जायचा. आज ती उमेराच्या पाठीशी उशा लावत राहिली, बाळाला छातीशी धरवत राहिली, गरम फडक्यानं शेकत राहिली. जे चिकासारखं दोन थेंब घट्ट दूध येत होतं, तेच बाळाच्या तोंडात जाईल असं बघत राहिली. नर्स बाई दर दोन तासांनी बाळाला पाहून जायची. लघवी होते आहे, अंग उबदार आहे, ठीक आहे म्हणायची. खालाला ते ठीक आहे पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं. ज्या बाईनं हजार पोरं न्हाऊ घातली, ती त्या दिवशी नवख्या आजीसारखी नर्सच्या मागे फिरत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमेराची चोळी भिजली. इकरा प्याली आणि हाताच्या मुठी सोडून झोपली. उस्मान आत आला, बराच वेळ नातीकडे बघत बसला आणि म्हणाला, की बोट चाटवायचं नाही ते ठीक, पण बोट धरू तर दे. इकरानं ते धरलं. नवव्या दिवशी तिची नळी गेली, नंबर सदतीस.

दिवाळीपर्यंत एक्केचाळीस नळ्या झाल्या, त्यात अठ्ठावीस खात्रीच्या. पुढचं काम जिनलचं एकटीचं होतं, पण तिनं फेब्रुवारीत खालाला अकोल्याला बोलावून घेतलं. सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा कसा लावायचा ते शिकायला खालाला वेळ लागला. आधी तिला आपल्याच पापण्या दिसल्या. मग एकदम जांभळ्या रंगाच्या बारीक काड्या दिसल्या, काही एकट्या, काही एकापुढे एक लागलेल्या.

"ह्या पोरायच्या पोटात?"

"पोरायच्या पोटात."

खाला डोळा काढेना. तिनं आतापर्यंत जे हातानं धुतलं, त्यात हे सगळं राहत होतं आणि तिला पत्ता नव्हता, असं ती स्वतःशीच म्हणाली.

जिनलनं तिला फळ्यापाशी नेलं. अठ्ठावीस नळ्यांमधून शेहेचाळीस वेगवेगळ्या वस्त्या निवडल्या होत्या. त्यांना पोटातल्यासारख्या आंबट पाण्यात तीन तास ठेवलं, त्यात अकरा जगल्या. मग पित्त घातलेल्या पाण्यात ठेवल्या, चार उरल्या. मग त्या रक्ताला इजा करतात का, साध्या औषधांनी मरतात का, ते बघितलं. दोन उरल्या. त्यांचे नमुने दुसऱ्या शहरात पाठवून त्या कोण ते पक्कं ओळखून आणलं. दोन्ही दुधावर जगणाऱ्या, ओळखीच्या घराण्यातल्या निघाल्या. अजून खूप तपासायचं बाकी होतं, म्हणून जिनल प्रत्येक वाक्यात "कदाचित" म्हणायची. कदाचित कामाच्या. कदाचित कधीतरी.

"कोनाच्या बाळाच्या?" खालानं विचारलं.

"ते सांगता येत नाई, खाला. नियम हाये."

पण फळ्यावर नंबर लिहिलेले होते. खालानं ते वाचले, चौदा आणि तेहेतीस, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. चौदा म्हणजे केनवडची देवला, जिला उगाळायचा कंटाळा होता. मग तिनं वरची लांब यादी बोटानं तपासली, तिथं सदतीस होता. त्याच्यापुढं फुली होती.

"आमच्या इकराचे कुटं गेले?"

जिनल थोडी चाचरली. "ते आंबट पान्यातच मेले, खाला. पहिल्या दहा मिनिटांत."

हुस्नाखाला इतकी हसली, की शेजारच्या खोलीतून अमरदीप सर बघायला आले. तिनं त्यांना सांगितलं, की घरात एवढं मोठं रामायण करून, नवऱ्याला रुसवून, नातीला दीड दिवस रडवून जे जीव जपले, ते दहा मिनिटं टिकले नाहीत. सरांनी गंभीरपणे समजावलं, की यात इकराच्या तब्येतीचं काही वाईट नाही, तिच्या पोटात ते मजेत असतील. परीक्षा फक्त औषध म्हणून आहे. खाला म्हणाली ते तिला ठाऊक आहे, पोरगी दोन हातांत मावत नाही आता.

हीराबाईला बातमी सांगायला ती मंगळवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी गेली. हीराबाईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, त्या दोघी आता कुठं आहेत? जिनलनं फोनवर सांगितलं, खूप थंड पेटीत निजवून ठेवल्या आहेत, मेल्या नाहीत, पाहिजे तेव्हा जाग्या करता येतात. हीराबाईनं डोळे मिटून हात जोडले आणि मग गुडघा पुढे केला.

मार्चमध्ये जिनलनं एक्केचाळीसही आयांना हुस्नाखालाच्या अंगणात बोलावलं. ज्यांच्या नळ्या बाजूला पडल्या त्यांनाही. तेवीस जणी आल्या, बाळांना घेऊन. उस्माननं नव्या गाद्या अंगणात अंथरल्या, त्यातल्या दोन पोरांनी पहिल्या पाच मिनिटांत भिजवल्या. जिनलनं काय शोधलं ते साध्या शब्दांत सांगितलं. चहा चाटवणाऱ्या आजोबांच्या सुनेनं विचारलं, मग हे औषध दुकानात केव्हा मिळेल? जिनलनं खरं सांगितलं, की दहा वर्षं लागतील, कदाचित मिळणारही नाही. बायका जरा हिरमुसल्या. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं एकीच्या तोंडून निघून गेलं.

तेव्हा खाला बोलली. ती म्हणाली, की औषधाचं तिला कळत नाही. तिनं घुटी द्यायची सोडली, तीन घरं त्यामुळे तुटली, पाच नवी जोडली गेली; वॉर्डात ती आता रोज सकाळी तासभर बसते, पहिल्यांदा आई झालेल्या पोरींना बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवते. हिवाळ्यात आपल्या हातातल्या एकाही नव्या बाळाला जुलाबानं दवाखान्यात न्यावं लागलं नाही, हे तिनं मोजलं होतं. त्याचं श्रेय कशाला, हे तिला सांगता येत नव्हतं. जिनलनं लगेच मान हलवून सांगितलं की एवढ्यावरून सिद्ध काही होत नाही.

"तुले नाई होत बेटा," खाला म्हणाली. "माह्यं काम चालून राह्यलं."

मग तिनं बायकांच्या मांडीवरून एक एक बाळ उचलून बघायला सुरुवात केली; कोणाचे दात आले, कोणाचा पाय वाकडा पडतो, कोणाला तेल कमी पडतं. चौथ्या बाळापाशी ती थांबली, वास घेतला, आणि लंगोट बदलायला पाणी मागितलं. जिनलचा हात सवयीनं बॅगेतल्या नळीकडे गेला. बायका हसायला लागल्या, आणि त्या बाळाच्या आईनं म्हटलं, घ्या ना ताई, आता काय लाजायचं.